तिकीट जाहीर होण्याआधी : मतदारसंघातली पक्षांतर्गत फूट सांधायची कशी

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीत फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी जिंकले आणि सांत आंद्रेत विरेश बोरकर ७६ मतांनी. गोव्यात एका मतदारसंघात साधारण २५ ते ३० हजार मतदार असतात. त्यात ७७ मते म्हणजे एखाद्या वाड्यावरची वीसेक घरे. त्या घरांना मतदानाला बाहेर काढणारा एक कार्यकर्ता त्या दिवशी 'अंगात कणकण आहे' म्हणून झोपून राहिला, तरी निकाल फिरू शकतो. त्याने विरोधकाचे काम केलेच पाहिजे असे नाही. स्वस्थ बसला तरी पुरते.

या माणसापर्यंत वेळेत कसे पोचायचे, हे गट समित्या, मंडळ समित्या आणि बूथवर राबणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे. पक्ष कुठलाही असो. पणजीत नेत्यांची दिलजमाई होते, छायाचित्र छापून येते, मेळाव्यात सगळे हात धरून वर करतात, आणि खाली वाड्यावर दोन गट एकमेकांच्या अंगणातून जायचे टाळतात. दिलजमाई खालून वर चढते. वरून खाली उतरलेली मी तरी पाहिलेली नाही.

विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. आचारसंहिता लागल्यावर रुसवे काढायला निघालेल्या माणसाकडे लोक गरजू म्हणून पाहतात, म्हणून पुढची कामे त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवीत.

आधी कागद, मग माणसे

नाराज कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ठाऊक असतात बोलके नाराज. गप्प बसलेले सापडतात ते आकड्यांत. निवडणूक अधिकाऱ्यांकडून प्रत्येक निवडणुकीनंतर 'फॉर्म २०' प्रसिद्ध होतो, त्यात केंद्रनिहाय मते असतात. २०२२ ची विधानसभा आणि २०२४ ची लोकसभा, दोन्हींचे आकडे एका वहीत शेजारी शेजारी मांडा. मतदारयादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या निमित्ताने केंद्रांची फेररचना झालेली असू शकते, म्हणून केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नका. शाळेचे नाव आणि वाडा जुळवून पाहा.

लोकसभेला पक्षाला भरघोस मते आणि विधानसभेला त्याच केंद्रावर घसरण, असे दिसले तर मतदार पक्षाचाच आहे, भांडण उमेदवाराशी किंवा त्याच्या माणसांशी आहे. दोन्हीकडे घसरण असेल तर प्रश्न रुसव्यापुरता उरत नाही, तिथे मतदारच हलला आहे आणि त्यावर हा लेख उपयोगाचा नाही. विधानसभेला चांगली मते आणि लोकसभेला कमी, असे असेल तर तिथला कार्यकर्ता आमदाराचा आहे, पक्षाचा नाही. आमदाराने उद्या उडी मारली की तो वाडा त्याच्याबरोबर जाणार, हे आत्ताच लिहून ठेवा.

मग वहीत दुसरा तक्ता करा. माणूस, वाडा, दुखणे काय, केव्हापासून, कुणाशी, आणि त्याच्याशी बोलू शकेल असा कोण. हा शेवटचा रकाना भरणे सर्वांत कठीण असते. वही एकाच माणसाकडे राहू द्या. तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकणारा उत्साही तरुण प्रत्येक मंडळात एक तरी असतोच. नाराजांच्या यादीत आपले नाव आहे, हे ज्याला ग्रुपवरून कळते तो तोपर्यंत नाराज नसला तरी त्या दिवसापासून होतो.

दुखणे कोणते, ते ओळखा

एकच औषध सगळ्यांना देण्याची आपल्याला सवय आहे : 'तुमचे बघू या हां, सरकार येऊ दे.' ते कुणालाच लागू पडत नाही, कारण दुखणी वेगवेगळी असतात.

गोव्यात सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित दुखणे पंचायतीचे आहे. पंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. त्यामुळे एकाच पक्षाचे दोन कार्यकर्ते एकाच प्रभागात समोरासमोर उभे राहतात आणि पक्षाला त्यात बोलायला जागा नसते. आमदार मात्र आपले पॅनल उभे करतो, म्हणजे दोघांतल्या एकाला जवळ घेतो. प्रभागात मतदार काही शे असतात, हार दहा-पंधरा मतांनी होते, आणि हरलेल्याला कोणत्या घराने मत दिले नाही हे पाठ असते. पुढची पाच वर्षे गटार, पथदीप, घराचा परवाना, व्यापार परवाना अशा प्रत्येक कामात तो पराभव त्याला पुन्हा भेटतो. ऑगस्ट २०२२ मध्ये १८६ पंचायतींसाठी मतदान झाले. तेव्हाची भांडणे आज कुठल्या अवस्थेत आहेत, हे ज्या गट अध्यक्षाला सांगता येत नाही त्याने बाकीची कामे बाजूला ठेवून आधी ते शोधावे.

यातली एक बाजू फार थोडे लोक पाहतात. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की नवरा पत्नीला उभी करतो आणि पराभवानंतर समेटाला गेलेले लोक नवऱ्याशीच बोलून परत येतात. मतपत्रिकेवर नाव तिचे होते. दारोदार ती फिरली होती, आणि स्वयंसाहाय्य गटातल्या बायका तिला मानतात. वहिनींशी वेगळे, समोरासमोर, त्यांचे म्हणणे विचारून बोला. बरोबर पक्षातली एक बाई असू द्या.

दुसरे दुखणे आयात नेत्यांचे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ८ गेले. विधानसभेच्या सभागृहात हे दोन मिनिटांत होते. मतदारसंघात मात्र ज्याच्या विरुद्ध कालपर्यंत घोषणा दिल्या त्याच्यासाठी खुर्च्या मांडायची वेळ येते. मांद्रेचे उदाहरण पाहा. २०१७ मध्ये काँग्रेसच्या दयानंद सोपटेंनी तत्कालीन मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकरांना हरवले. पुढच्याच वर्षी सोपटे भाजपमध्ये आले आणि २०१९ ची पोटनिवडणूक भाजपकडून जिंकले. २०२२ मध्ये तिकीट सोपटेंना मिळाले, पार्सेकर अपक्ष उभे राहिले आणि जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) जीत आरोलकरांकडे गेली. पाडलेला आणि पाडणारा एकाच छपराखाली आणायचे, तर तीन वर्षे काही तरी काम व्हायला हवे होते. उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात ते होण्यासारखे नव्हते.

तिसरे दुखणे विचाराचे, त्याच्याकडे शेवटी येतो. चौथे घराणेशाहीचे, म्हणजे 'आम्ही सतरंज्या उचलायच्या आणि तिकीट घरातच.' याला उपाय एकच, त्या घरातल्या उमेदवाराने तिकिटाआधी बूथवर काम केलेले लोकांनी पाहिलेले असणे. त्याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

कोणी जायचे, कधी जायचे

समेटाला जाणारा माणूस तिकिटाचा इच्छुक नसावा, इच्छुकाचा सोयरा नसावा, आणि ठेकेदार तर मुळीच नसावा. वयाने थोडा मोठा, ज्याला आता स्वतःसाठी काही नको आहे असा जुना कार्यकर्ता चांगला. पूर्वी पंच राहिलेला असेल तर आणखी बरे, त्याला हरणे काय असते ते माहीत असते.

देवस्थान समितीच्या अध्यक्षाला मध्यस्थ करण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. टाळा. देवस्थानच्या महाजनांचे (मानकरी सभासदांचे) वाद, मानापमान, पालखी कोणत्या वाटेने जायची इथपर्यंतचे तंटे मामलेदारापर्यंत गेलेले असतात. पक्षाचे भांडण तिथे नेले की ते मिटत नाहीच, वर देवळातल्या तंट्याला पक्ष चिकटतो.

दोघांनी जावे. एकटा गेला तर काय बोलणे झाले याच्या दोन आवृत्त्या गावभर फिरतात, चौघे गेले तर ती सभा होते. पक्ष कार्यालयात बोलावू नये, त्याच्या घरी जावे. चवथीच्या दिवसांत कुणाच्याही घरी जायला निमित्त लागत नाही. गणपतीवरच्या माटोळीखाली (फळाफुलांच्या सजावटीखाली) बसावे, आरतीला उभे राहावे, करंजी खावी आणि राजकारणाचा शब्दही न काढता उठावे. ख्रिस्ती कार्यकर्त्याकडे फेस्ताला जावे, नाताळात जावे. ही पहिली भेट. कामाची भेट दुसरी. पहिल्याच भेटीत विषय काढणाऱ्याला तो माणूस चहा देतो आणि बाकी काही देत नाही.

दुसऱ्या भेटीची सुरुवात समर्थनाने करू नये. 'तुमी येनात, म्हणून आमी आयले' एवढे म्हणावे आणि गप्प बसावे. मग तो बोलेल. बराच वेळ बोलेल. त्यात खोटे असेल, अतिशयोक्ती असेल, २००७ मधलाही काही हिशेब निघेल. मध्ये तोडू नये, आणि 'तसे नव्हते हो' हे तर मुळीच म्हणू नये. सगळे संपल्यावर एकच विचारावे : 'बाब, यातले आता सुधारता येईल असे काय?' बहुतेक वेळा उत्तर अपेक्षेपेक्षा लहान असते. कुणाच्या आईच्या मर्तिकाला आमदार आला नव्हता. कुणाच्या वाड्यावरच्या रस्त्याच्या उद्घाटनाला त्यालाच बोलावले नव्हते, आणि नारळ फोडला कालच्या विरोधकाने. अशा गोष्टीला आमदाराने स्वतः जाऊन चुकले म्हणणे पुरते, पण स्वतःच जायला हवे. पुतण्याला पाठवले की नवे दुखणे.

नोकरीची मागणी येईल. येणारच. तिथे शब्द देऊ नका. पैसे घेऊन सरकारी नोकरीचे आमिष दाखवल्याची प्रकरणे २०२४ मध्ये गोव्यात उघड झाली, तेव्हापासून 'मुलाचे बघतो' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते ते सांगायला नको. अर्ज कसा करायचा, कुठे जागा निघाल्या आहेत, परीक्षेची तयारी कुठे होते, एवढी मदत करता येते. तेवढीच करावी.

जुने आणि नवे एका खोलीत

आयात नेता आला की त्याचे कार्यालय वेगळे, ग्रुप वेगळा, बूथची माणसे वेगळी. हे तसेच चालू राहिले तर मतदानादिवशी एका बूथबाहेर एकाच पक्षाची दोन टेबले लागतात. ती मोडायची तर नवा आला त्याच महिन्यात काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात.

कार्यालय एकच. बूथ समितीत जुन्यांतला एक आणि नव्यांतला एक अशी जोडी, आणि यादी दोघांच्या सहीने वर जाईल. मंडळातली पदे निदान पहिले वर्ष जुन्यांकडेच राहतील. नव्या नेत्याला हे आवडत नाही, पण त्याला तिकीट किंवा मंत्रिपद मिळालेले असते, संघटना तरी दुसऱ्याची असू द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या कार्यकर्त्यांनी त्याच्या विरुद्ध काम केले होते त्यांच्या घरी तो स्वतः जाईल. जुन्या कार्यकर्त्याला त्याच्याकडे नेऊन उभे करायचे नाही. 'निष्ठावंतांचा सत्कार' नावाचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम करू नये, त्यात सत्कार झालेल्याला आपण निवृत्त झालो असे वाटते.

तिकीट : चोवीस तासांचा खेळ

इच्छुकांना निकष आधी सांगा आणि ते निकष सर्वेक्षणाच्या नावाखाली नंतर बदलू नका. ज्याला तिकीट मिळणार नाही त्याला ते टीव्हीवरून कळता कामा नये. यादी फुटायच्या आधी, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा नेत्याने त्याच्या घरी जाऊन, बायको-मुलांसमोर सांगावे. फोनवर नाही.

दुसरी जागा देऊ केली की प्रश्न सुटतो, हा समज पणजीत २०२२ मध्ये तपासून झाला आहे. माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांचे पुत्र उत्पल यांना भाजपने दुसऱ्या मतदारसंघांचे पर्याय दिल्याचे जाहीर सांगितले होते. त्यांना पणजीच हवी होती. ते अपक्ष लढले आणि भाजपचे बाबूश मोन्सेरात अवघ्या ७१६ मतांनी जिंकले. जिथे माणसाचा दावा वडिलांच्या जागेवर असतो तिथे बदली देऊन भागत नाही. सांग्यातही तसेच झाले. उपमुख्यमंत्री बाबू कवळेकरांच्या पत्नी सावित्री कवळेकर तिकीट न मिळाल्याने अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या, शेजारच्या केप्यात स्वतः कवळेकरही पडले.

मग द्यायचे काय? आधी न देण्यासारखे सांगतो. मंत्रिपद. राज्यघटनेनुसार ४० आमदारांच्या गोव्यात मुख्यमंत्र्यांसह फार तर १२ मंत्री होऊ शकतात. आघाडी असेल तर त्यातले काही मित्रपक्षाला, काही अपक्षांना. हे गणित कार्यकर्त्यांनाही येते. महामंडळांची अध्यक्षपदेही मोजकी आहेत आणि एकच महामंडळ तिघांना कबूल केल्याचे किस्से प्रत्येक तालुक्यात सापडतील. जे आत्ता, निवडणुकीआधी देता येते तेच द्यावे : प्रदेश समितीवरचे पद, प्रचारप्रमुख म्हणून खरे अधिकार, जिल्हा पंचायतीच्या मतदारसंघात कोण लढणार यात त्याचा शब्द. ते कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर द्यावे. 'नंतर बघू' या शब्दांची गोव्यात आता काही पत उरलेली नाही.

शपथांचीही नाही. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्षांतर न करण्याची शपथ दिली. निवडून आलेल्या ११ जणांपैकी ८ जण त्याच वर्षी गेले. शपथेचा दोष नाही. ज्याला पक्षाचा बूथ नको, पक्षाला ज्याचा बूथ हवा, असा उमेदवार निवडल्यावर त्याला कुठल्याही देवाकडे नेले तरी तेच.

अर्ज भरल्यापासून माघारीपर्यंत

बंडखोराने अर्ज भरलाच, तरी खेळ संपलेला नसतो. अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी छाननी होते आणि तिथून दोन दिवसांनी दुपारी ३ वाजता माघारीची मुदत संपते. एवढाच काय तो वेळ.

पहिले काम, त्याचे सूचक, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवून सही करणारे मतदार, वाचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला १ सूचक पुरतो, अपक्षाला १० लागतात. ती १० नावे म्हणजे बंडाचा नकाशा असतो. त्यांत तुमच्या बूथ समितीतली नावे असतील तर आधी त्यांच्याकडे जा. बंडखोराला एकटेपण जाणवले की तो ऐकतो. दहाही नावे त्याच्या भावकीतली निघाली तर बंड घरापुरते आहे, फार धावाधाव करू नका.

दुसरे, पैसे किंवा वस्तू देऊन माघार घ्यायला लावणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरतो. त्यावरून जिंकलेली निवडणूक रद्द होऊ शकते, आणि कायद्यातला लाभ म्हणजे केवळ रोकड नव्हे. म्हणून देण्याघेण्याचे जे काही बोलणे असेल ते अर्जाच्या आधीच संपलेले बरे. या दोन दिवसांत फक्त माणसे आणि नाती कामाला येतात. माघारीची नोटीस एकदा दिली की परत घेता येत नाही, आणि ती तो स्वतः, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला सूचक वा निवडणूक प्रतिनिधी देऊ शकतो. शेवटच्या क्षणी मन वळले आणि माणूस काणकोणात सासुरवाडीला बसला आहे, असे होऊ नये म्हणून हे आधी ठाऊक असावे.

'बी' फॉर्मवर, म्हणजे पक्ष आपला अधिकृत उमेदवार कळवतो त्या कागदावर, पर्यायी उमेदवाराचे नाव देता येते. तिथे नाराज इच्छुकाचे नाव घालून त्याला खूश करण्याची युक्ती कुणी सुचवली तर हसून सोडून द्या. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद व्हावा म्हणून तो कुठल्या देवाला काय बोलेल, सांगता येत नाही.

जे सांधू नये

विचाराचे भांडण चहाने मिटत नाही. प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा वाद घ्या. इंग्रजी शाळांच्या अनुदानावरून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर आणि भाजप सरकार यांचे बिनसले, २०१६ मध्ये वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीतून दूर केले गेले, त्यांनी वेगळी वाट धरली आणि गोवा सुरक्षा मंच उभा राहिला. २०१७ मध्ये मंचाला एकही जागा मिळाली नाही आणि भाजप २१ वरून १३ वर आला. मराठी-कोकणीच्या शाळांसाठी वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाला समितीवरचे पद देऊ करणे म्हणजे त्याचा अपमान आहे. अशा वेळी पक्षाने आपली भूमिका स्पष्ट सांगावी, त्याने त्याची, आणि सन्मानाने वेगळे व्हावे. उद्या परत यायचा रस्ता तरी राहतो.

वेगळे न होता आतल्या आत धुमसत राहणे त्याहून वाईट. एप्रिल १९७९ मध्ये मगोच्या मुख्यमंत्री शशिकला काकोडकरांचे सरकार स्वपक्षाच्या आमदारांनी साथ सोडल्यामुळे पडले. १९६३ पासून सत्तेत असलेल्या मगोचे १९८० मध्ये ७ आमदार उरले, आणि पक्षाला पुन्हा स्वतःचा मुख्यमंत्री करता आला नाही.

मतदान आणि त्यानंतरचा पंधरवडा

परत आलेल्या नाराजाला मतदानादिवशी दिसेल असे काम द्या. मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसवा, किंवा टेबलावर यादी त्याच्या हातात द्या. पैशांचा व्यवहार कुणा एकाच्या खिशात ठेवू नका. उमेदवाराची खर्चमर्यादा २८ लाख रुपये आहे. बूथवर कुणाला जेवणाखाण्यासाठी किती दिले हे लिहिलेले असले, की 'त्या बूथला जास्त मिळाले' ही नंतरची अर्धी भांडणे होतच नाहीत.

निकालानंतर 'आतून कुणी काम केले' याचा शोध पंधरा दिवस थांबवा. जिंकलात तर गरज नाही, हरलात तर त्या दिवसांत कुणालाच खरे दिसत नाही. पंधरवड्यानंतर पुन्हा फॉर्म २० घेऊन बसा. तिकीट न मिळूनही राबलेल्यांच्या घरी उमेदवाराने मात्र पहिल्याच आठवड्यात जावे, निकाल काहीही लागो.

आणि लगेच पंचायतीकडे वळा. ऑगस्ट २०२२ मध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदत २०२७ मध्येच संपते, म्हणजे विधानसभेचा गुलाल धुतला जायच्या आत तेच दोन कार्यकर्ते त्याच प्रभागात पुन्हा समोरासमोर येणार. पॅनल कुणाचे आणि कोणत्या प्रभागात कोण, हे आमदाराने एकट्याने ठरवण्याआधी गट समितीत, दोघांनाही समोर बसवून, ठरवून घ्या. एकमत झालेच नाही तर त्या प्रभागात आमदार कुणाचाच प्रचार करणार नाही, एवढे तरी लिहून घ्या.